वाटीभर पोट, गावभर आग्रह

मराठी माणूस ज्योतिषावर विश्वास ठेवतो, अधूनमधून हवामान खात्यावरही ठेवतो. पण समोरचा माणूस 'पोट भरलं' म्हणाला तर त्याच्यावर मुळीच ठेवत नाही. आपल्या पंगतीत पहिला नकार संकोचाचा धरतात, दुसरा रीतीचा आणि तिसरा लाडात आल्याचा. चौथ्या नकाराला जेवणारा पानावर दोन्ही हात आडवे धरतो, तेव्हा वाढणारी बाई बोटांच्या फटीतून पुरणपोळी आत सरकवते आणि वर तुपाची धार सोडते. ते तूप मनगटावर ओघळतं. पुसायला हात उचलला की दुसरी पोळी. अशा मुलखात राहून मी वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली.

शस्त्रक्रियेचं नाव स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. ते आमच्या घरात डॉक्टरांच्या कागदाबाहेर कधी आलं नाही. सासूबाई 'पोट शिवून आणलं' म्हणतात, शेजारच्या काकू 'पोट बांधलं' म्हणतात, आणि मामेसासरे 'ते गडकरींनी केलं होतं ते' एवढ्यावर भागवतात. नितीन गडकरींनी २०११ मध्ये वजनासाठी शस्त्रक्रिया करून घेतल्याची बातमी पेपरांत आली होती, त्यामुळे महाराष्ट्रात निदान ओळख करून द्यायची सोय झाली आहे. 'ते पुढे केंद्रात मंत्री झाले, तुझं काय?' हेही मामेसासरे दर भेटीत विचारून घेतात.

प्रकार तसा सरळ आहे. दुर्बिणीतून जठराचा तीन चतुर्थांश किंवा त्याहून थोडा अधिक भाग काढून टाकतात. मागे केळ्याच्या आकाराची एक नळी उरते. जेवताना ताणून लिटर-दीड लिटर मावून घेणाऱ्या पोटाच्या जागी शंभर-दीडशे मिलिलिटरचं पोट येतं, म्हणजे आपली आमटीची वाटी. त्याशिवाय आणखी एक गंमत होते. भूक लावणारं घ्रेलिन नावाचं एक संप्रेरक आहे. १९९९ मध्ये कोजिमा आणि कांगावा या जपानी शास्त्रज्ञांनी ते शोधलं. ते मुख्यतः जठराच्या वरच्या फुगीर भागात तयार होतं, आणि काढून टाकतात तो नेमका तोच भाग. त्यामुळे निदान सुरुवातीचे काही महिने पोटात कावळे ओरडत नाहीत. ते बहुधा कापलेल्या तुकड्याबरोबर उडून गेलेले असतात. भुकेचा बंदोबस्त विज्ञानाने असा चोख केला. पण आग्रह कोणत्या ग्रंथीत तयार होतो, याचा शोध जपानलाही लागलेला नाही. आणि लागून उपयोग काय? ती ग्रंथी माझ्या पोटात नव्हतीच, सासरच्या मंडळींत होती.

आता मुळात वजन वाढलं कसं, ते सांगते. डाएटिशियन बाईंनी पहिल्या भेटीत 'दिवसभरात काय खाता' म्हणून विचारलं. मी सांगितलं : सकाळी चहा-पोहे, दुपारी डबा, रात्री दोन पोळ्या, भाजी, वरणभात. हे सगळं खरं होतं, पण हे ताटातलं जेवण. मराठी बाईचं मुख्य जेवण ओट्याशी उभ्याने होतं. मुलाच्या ताटातली अर्धी पोळी, मुलीने काठाला सारलेली भाजी, पातेल्याच्या तळाचा भात, दुधाच्या भांड्याची खरवड, आणि कालच्या पाकात एकटाच पोहत राहिलेला गुलाबजाम. 'एवढ्याशासाठी काय डबा भरायचा' असं म्हणत हे सगळं एका जागी जमा होई, आणि ती जागा फ्रिजमध्ये नव्हती. 'खाऊन माजावं, पण टाकून माजू नये' ही म्हण ज्याने केली त्याने कोणी खाऊन माजावं हे सांगितलं नाही. घराघरांनी ते आपापसात ठरवून टाकलं. उरलंसुरलं संपवण्याचं हे पद लग्नानंतर सासूबाईंनी किल्ल्यांच्याही आधी माझ्या स्वाधीन केलं होतं. पगार नाही, सुट्टी नाही, निवृत्ती नाही. शस्त्रक्रियेमुळे ते अचानक रिक्त झालं.

पहिल्या आठवड्यातच घरात प्रशासकीय पेच उभा राहिला. रात्री जेवणं झाली आणि पातेल्यात दोन डाव भात उरला. सगळ्यांनी सवयीने माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात मुगाच्या डाळीच्या पाण्याचा कप होता. मग सगळ्यांनी भाताकडे पाहिलं. शेवटी आमच्या ह्यांनी हंगामी कार्यभार स्वीकारला आणि पुढे कायम झाले. २०११ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला आहे. जठराची बायपास शस्त्रक्रिया करून घेतलेल्या रुग्णांबरोबर घरात राहणाऱ्या लठ्ठ मोठ्या माणसांचंही वजन वर्षभरात थोडं उतरलं, असं त्यात आढळलं. एकाच्या ऑपरेशनचा पुण्यप्रभाव घरादाराला. आमच्या डोंबिवलीत मात्र हा प्रभाव पोचायला उशीर झाला. वर्षाच्या शेवटी आम्ही दोघं एकाच शिंप्याकडे गेलो : माझे ब्लाउज आत घ्यायला आणि ह्यांच्या पँटी सैल करायला. शिंपी म्हणाला, कापड घरातल्या घरातच राहतंय.

ऑपरेशननंतर सुरुवातीचे दिवस पातळ पदार्थांचे असतात. आधी नितळ पाणीदार, मग जरा दाट, मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी नेहमीचं जेवण, लहान मापात. या काळात घरच्यांनी माझ्यासमोर जेवायचं नाही असं ठरवलं. हेतू फार थोर होता, अंमलबजावणी भयंकर. स्वयंपाकघराचं दार लोटून आत फोडणी द्यायची आणि बाहेर येऊन 'काही नाही, उकळतंय' म्हणायचं. लसणाची फोडणी दाराला जुमानत नाही. मुलगा वडापाव जिन्यात उभा राहून खायचा आणि तोंड पुसून घरात यायचा. पण शर्टावरची लाल चटणी साक्ष द्यायला हजर. सासूबाई म्हणायच्या, 'सून अशी पाण्यावर असताना माझ्या घशाखाली घास उतरत नाही.' उतरत नसे हे खरं. म्हणून त्या प्रत्येक घासाबरोबर ताक घेत.

त्यांना वाटत होतं की मला अन्न दिसलं तर त्रास होईल. मला भूकच नव्हती, तर त्रास कसला? चुकत होतं ते निराळंच. आमच्या घरात दिवसभर कोणी कोणाशी बोलत नाही. मुलीचं कॉलेजमध्ये काय बिनसलं, ह्यांच्या साहेबांनी आज काय दिवे लावले, गॅस सिलिंडर कधी संपला, हे सगळं पहिल्या पोळीपासून ताकभातापर्यंतच्या वेळात बाहेर येतं. आता ते लोटलेल्या दारामागे येत होतं. चौथ्या की पाचव्या दिवशी मी कप घेऊन सरळ टेबलाशी जाऊन बसले आणि म्हटलं, 'वाढून घ्या आणि बोला.' सगळे आधी गप्प. मग मुलीने हळूच विचारलं, 'आई, भेंडी खाल्ली तर चालेल ना?' जणू भेंडी माझी नातेवाईक होती.

मिक्सरच्या अवस्थेत आले तेव्हा खालच्या मजल्यावरच्या बाळाचं उष्टावण होतं. दोघांचा आहार तंतोतंत सारखा : मऊ वरण, घोटलेली भाजी, गुठळी नको, तिखट नको, चमचा लहान. फरक कौतुकात होता. बाळाने एक चमचा तोंडात घेतला आणि निम्मा बाहेर काढला, तरी टाळ्या वाजल्या, आजीने बोटं मोडली, मोबाइलवर चित्रण झालं. मी वाटीभर संपवलं, तर जमलेल्या सगळ्या बायका एका सुरात म्हणाल्या, 'एवढंच?'

यापुढचे नियम आयुष्यभराचे आहेत. घास लहान घ्यायचा. तो पंचवीस-तीस वेळा चावायचा. जेवताना पाणी प्यायचं नाही, जेवल्यावरही अर्धा तास नाही. ताटात आधी प्रोटीन खायचं, मग भाजी, आणि जागा उरली तर पोळी-भात. यातला प्रत्येक नियम आपल्या संस्कृतीवर चालून येतो. पाहुणा दारात आला की आपण आधी तांब्या-भांडं पुढे करतो, आणि मी ते जेवणाच्या तोंडावर परत करते. यजमानीण बिचारी 'आमचं पाणी गढूळ दिसलं का' म्हणून भांडं उजेडात धरून पाहते. तीस वेळा चावण्याची आणखी वेगळी कथा. आमचे हे सात मिनिटांत जेवतात. त्यातही दीड मिनिट मिठाची बरणी शोधण्यात जातं. माझा तिसरा घास चालू असतो तेव्हा बाकीच्यांचं जेवण उरकून हात वाळलेले असतात. सगळे माझ्याकडे बघत बसतात. उठावं तर मी एकटी राहते, बसावं तर मालिका बुडते. शेवटी सासूबाईंनी तोडगा काढला : माझं पान अर्धा तास आधी घ्यायचं, म्हणजे मी आणि बाकीचे एकदमच उठू. रेल्वेलाही मालगाडी आधी सोडण्याची ही युक्ती सुचलेली आहे.

प्रोटीनचं प्रकरण सगळ्यांत अवघड. दिवसाला साठ ते ऐंशी ग्रॅम हवं. डाएटिशियन बाईंनी आमच्या नेहमीच्या ताटाकडे चष्म्यातून पाहून विचारलं, 'यात प्रोटीन कुठे आहे?' मी वरणाकडे बोट दाखवलं. त्यांनी पळीने ते ढवळून पाहिल्यासारखा चेहरा केला. साबुदाण्याच्या खिचडीचा तर त्यांनी पार पाणउतारा केला. तिच्यात प्रोटीन असेल तेवढं दाण्याच्या कुटाचं, साबुदाण्याचं काहीच नाही. एवढ्या एकादश्या मी ज्या श्रद्धेने केल्या ती श्रद्धा पिष्टमय होती, हे तेव्हा कळलं. आपल्या पंगतीचा क्रमही उलटा पडला. आपला पहिला भात वरणाचा, मधला मसालेभात, शेवटचा ताकाचा. माझं जेवण मटकीच्या उसळीने सुरू होतं आणि पहिल्या भाताच्या आधीच आटोपतं.

पण या प्रकरणात एक चमत्कारही घडला. आमच्या सासूबाईंनी घरात कधी अंडं येऊ दिलं नव्हतं. केकसुद्धा 'कशाचा आहे' हे विचारून मगच घरात घेत. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रोटीन असतं, हे त्यांनी डाएटिशियनच्या कागदावर वाचलं. दोन दिवस त्या काही बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी गॅलरीत एक जुनं पातेलं, एक वेगळा चमचा आणि इंडक्शनची शेगडी मांडलेली दिसली. सोवळं गॅलरीच्या उंबऱ्यापर्यंत मागे सरलं होतं. आता त्या देवपूजा आटोपून बाहेर येतात आणि अत्तराचा हात पुसत मला विचारतात, 'अंडं झालं का तुझं?' आग्रहाची ग्रंथी काढून टाकता येत नाही, पण तिला वळण लावता येतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा पटलं.

सगळ्यांत कमी त्रास दिला तो लोकलमधल्या मैत्रिणींनी. लेडीज डब्यात वाढदिवस, हळदीकुंकू, बढती, मुलाचा निकाल असं सगळं साजरं होतं आणि प्रत्येक वेळी कोणाच्या तरी पिशवीतून ढोकळा किंवा इडली-चटणी निघते. मी धास्तावून होते. पण तिघींच्या बाकावर चौथी बसवणाऱ्या बायकांना जागेचं गणित समजावून सांगावं लागत नाही. 'मावत नाही गं' म्हटल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, 'अर्धी इडली? बरं, पाव?' आणि पाव इडली कागदावर ठेवून उरलेली पाऊण दिवा स्टेशनला उतरणारीच्या हातात दिली. वाद नाही, शपथ नाही, डोळ्यांत पाणी नाही. गाडीत भरलेल्या डब्याला कोणी 'अजून दोघी घे' म्हणत नाही. म्हणालंच तर डबा ऐकत नाही.

लग्नाच्या हॉलमध्ये ही समज संपते. पंगत असो की बुफे, तिथे अन्नाला हिशेब असतो. केटरर ताटांवर पैसे घेतो, आणि यजमान माझ्या ताटाकडे पाहून मनातल्या मनात भागाकार करतो. 'एवढ्या लांबून आलीस आणि ताटात काय घेतलंस, चटणी?' असं एखादी मावशी भर रांगेत विचारते. बरीच लग्नं पार पाडल्यावर मी काही युक्त्या बसवल्या आहेत. गरजूंसाठी देते. रिकामं पान वाढप्याला बोलावतं आणि भरलेलं पान यजमानाला. म्हणून पान मध्यम विस्कटलेलं ठेवावं. अळूची भाजी जरा पसरावी, पोळीचा एक कोपरा मोडावा, कोशिंबिरीत बोट फिरवावं. नुकतंच भरपेट जेवून झालंय असं वाटलं पाहिजे. दुसरं, दहा-बारा वर्षांच्या भाच्याशेजारी जागा धरावी. त्या वयाचा मुलगा आपल्या पानातली जिलबी कोणाला कळायच्या आत नाहीशी करतो. तिसरी युक्ती मी एकदाच वापरली. बुफेत आम्ही नवरा-बायकोने एकच ताट घेतलं. संध्याकाळपर्यंत बातमी कल्याणच्या नातेवाइकांपर्यंत गेली की या वयात दोघांचं प्रेम फारच उतू चाललंय. जावेने फोन करून खात्री करून घेतली.

गोडाला नकार देण्यासाठी मात्र खरं कारण हाताशी होतं. बायपास झालेल्यांना गोड खाल्ल्यावर डम्पिंग नावाचा त्रास होऊ शकतो. साखर झपाट्याने आतड्यात उतरते, छातीत धडधडतं, दरदरून घाम येतो, पोटात कळ येते. स्लीव्हवाल्यांना तो कमी होतो, पण होत नाही असं नाही. एका केळवणात मी हे सगळं रीतसर समजावून सांगितलं. आत्तेसासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं, जिलबीचं ताट खाली ठेवलं, मान डोलावली आणि म्हणाल्या, 'मग अर्धी खा. अर्धीच घेरी येईल.'

हॉटेलात गेलं की पाटी आपली वाट पाहत असते : 'एका थाळीत दोघांनी जेवू नये.' अमर्याद थाळी ही कल्पनाच आता मला पुराणातली वाटते. पूर्ण थाळी घ्यावी तर दोन वाट्यांत कार्यक्रम संपतो, न घ्यावी तर नुसतं बसल्याचे पैसे लावतात. एकदा मी फक्त डाळ आणि थोडं पनीर मागवलं आणि निम्मं ठेवलं. आधी वेटर आला, मग मोठा वेटर, मग गल्ल्यावरचे मालक स्वतः आले : 'काही चुकलं का ताई?' त्यांना समजावता समजावता अर्धा तास गेला. तेवढ्यात माझी पाणी पिण्याची वेळ झाली. अमेरिकेत अशा रुग्णांना डॉक्टर एक कार्ड देतात, 'यांना लहान मापात वाढावं' अशी त्यावर विनंती असते. आपल्याकडे ते दाखवलं तर पहिला प्रश्न येईल, 'किती टक्के सूट आहे?'

घरी येणाऱ्यांत एक जात सल्लागारांची असते. 'ऑपरेशन म्हणजे शॉर्टकट. त्यापेक्षा सकाळी चालायचं.' हे वाक्य मी आजवर कोणालाही उपाशीपोटी म्हणताना ऐकलेलं नाही. ते नेहमी तोंडात बटाटेवडा असताना येतं. शॉर्टकटचा रस्ता असा आहे : आधी काही दिवस यकृत आक्रसावं म्हणून कडक आहार, मग भूल, मग पातळ पदार्थांवरचे आठवडे, काही महिन्यांनी कंगव्यात येणारे केस, आणि जन्मभर बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आणि रक्ताच्या तपासण्या. चालणं आहेच, ते सुटलेलं नाही. बदल्यात माझी साखरेची गोळी कमी झाली आणि गुडघ्यांनी तक्रार मागे घेतली. एका रविवारी नणंदेचे यजमान हाच शॉर्टकटचा मुद्दा मांडत होते. मी सांगितलं की २०२२ मध्ये लठ्ठपणावर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या दोन मोठ्या संघटनांनी नवे निकष दिले आहेत, आणि आशियाई लोकांना २७.५ च्या पुढे बीएमआय गेला की हा पर्याय सुचवावा असं त्यांत म्हटलं आहे. त्यांनी ताटावरच मोबाइल काढून आपला आकडा मोजला. श्रीखंडाची दुसरी वाटी हळूच मागे सारली. मग मोबाइल खिशात ठेवला, वाटी पुढे ओढली आणि म्हणाले, 'आज रविवार आहे.'

मला खरा आधार मिळतो तो देवघरात. नैवेद्याचं पान नीट पाहा. डाव्या बाजूला चटणी-कोशिंबीर, उजव्या बाजूला भाजी, मध्ये भाताची मूद, सगळं साग्रसंगीत. देव त्यातला एक कणही उचलत नाही. तरी त्याला कोणी विचारत नाही की 'आवडलं नाही का?', 'घरचं विसरलास का?', 'फारच वाळलास हो!' उलट पाण्याचं मंडल करून नमस्कार करतात आणि पान उचलतात. मी चार घास खाते, देवापेक्षा चार जास्त, आणि माझ्यावर संशय. तीर्थ-प्रसादाचं मापही बघा : पळीभर तीर्थ, चिमूटभर पंचखाद्य. माझ्या पोटाला बसेल असं हे एकच मराठी माप. गणपतीत दहा घरी गेले तरी प्रसादाला नाही म्हणावं लागत नाही. मोदक मात्र निराळा. उकडीचा एक मोदक मी दोन बैठकांत खाते, आणि मधल्या वेळात त्याच्यावर पाळत ठेवावी लागते, कारण हंगामी कार्यभार सांभाळणारे गृहस्थ घरातच असतात.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं; पण एक गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. वर्ष-दीड वर्षात भूक थोडी परत येते, पोटही थोडं सैलावतं. वजन पुन्हा चढू शकतं आणि अनेकांचं चढतंही. तेव्हा समोरची माणसं म्हणतात, 'आता झालं की सगळं नीट, आता खा.' प्रत्येक घर 'एकच घास' म्हणतं, आणि प्रत्येक घराचं ते खरंही असतं. पण घरं दहा असतात. त्याच्या उलट दुसरं टोक : 'तिला बोलावून काय करायचं, ती खाते कुठे?' म्हणून केळवणांची, भिशीची, हुर्डा पार्टीची आमंत्रणं बंद. पहिल्यात वजन वाढतं, दुसऱ्यात माणूस एकटा पडतो. पोट लहान झालं म्हणून जिभेची, कानांची आणि गप्पांची भूक लहान होत नाही. शस्त्रक्रिया एकाच्या पोटावर होते, पथ्य मात्र सगळ्या गोतावळ्याने पाळायचं असतं. आणि गोतावळ्याला डिस्चार्जच्या वेळी कागद कोणी देत नाही.

तो कागद मीच देते. तुमच्या नात्यात किंवा ओळखीत असं वाटीभर पोटाचं माणूस असेल, तर त्याला बोलावणं बंद करू नका. पान मांडा. काय वाढू ते विचारा आणि 'पुरे' म्हटलं की डाव खाली ठेवा. त्याचे घास मोजू नका आणि मोजलेच तर पंगतीत जाहीर करू नका. तुमचं जेवण झालं तरी लगेच उठू नका. हात वाळले तर वाळू द्या, गप्पा चालू ठेवा. आणि शेवटी उरलेलं अन्न 'घरी ने, उद्या खाशील' म्हणून डब्यात भरून त्याच्या हातात देऊ नका. ते तुमचं तुम्ही संपवा, नाहीतर उद्यापासून कमी रांधा.